अकर्मक क्रियापदांचे शहर

आमच्या महाविद्यालयात शोकसूचना लिहिण्याचे काम मराठी विभागाकडे असते. तसे कोणी ठरवून दिलेले नाही. पण प्रसंग आला की कार्यालयातून शिपाई येतो आणि 'सर, दोन ओळी लिहून द्या' असा निरोप देतो तो आमच्याकडेच. भाषेची माणसे आम्हीच, असा त्यामागचा समज असावा. इतक्या वर्षांत या लेखनाला माझा हात बसला आहे. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' अशी सुरुवात, मध्ये नाव, वर्ग, मृत्यूचे कारण आणि शेवटी 'मृतात्म्यास शांती लाभो'. मधली ओळ तेवढी बदलते. गेल्या काही वर्षांत तीही फारशी बदलेनाशी झाली आहे. 'यांचे अपघाती निधन झाले' असे मी लिहितो, आणि ते वाक्य हाताला सवयीचे झाले आहे हे माझ्या ध्यानातही आलेले नव्हते.

ते ध्यानात आणून दिले एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी. मुलगा द्वितीय वर्षाला होता. संध्याकाळी एका दुकानात काम करून रात्री दुचाकीवरून घरी परतताना गेला. वडील कारखान्यात फिटर. महिन्याभराने ते मुलाची मूळ कागदपत्रे घ्यायला आले, तेव्हा काचेच्या पेटीतली सूचना अजून काढलेली नव्हती. त्यांनी ती वाचली आणि मला विचारले, "सर, हे तुम्ही लिहिलंत का?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "अक्षर छान आहे. पण सगळं आपोआप झाल्यासारखं लिहिलंय." मला काय बोलावे ते सुचेना. मग तेच सावकाश म्हणाले, "रस्ता खणला होता. कुणीतरी खणला ना, सर? तिथं दिवा लावला नव्हता. कुणाचं तरी काम होतं ना लावायचं?"

त्या माणसाला व्याकरण शिकवायला कोणी गेले नसावे. पण त्याने माझ्या वाक्यातली जी उणीव दाखवली ती व्याकरणाचीच होती. 'निधन झाले' या वाक्यात कर्त्याच्या जागी निधनच आहे. रस्ता खणणारा, खणून तसाच सोडणारा, दिवा न लावणारा, त्यावर देखरेख ठेवायची असून न ठेवणारा, यांपैकी कोणालाही त्या वाक्यात शिरायला वाव नाही. आणि हे वाक्य मी एकट्यानेच लिहिलेले नाही. ते साऱ्या शहराचे वाक्य आहे, असे मला त्यानंतर वाटू लागले.

आता 'अपघात' हा शब्दच घ्या. त्यात 'हन्' धातू आहे: मारणे, प्रहार करणे. या धातूपासून आलेल्या 'घात'चे जे कुटुंब मराठीत नांदते त्यातले बहुतेक शब्द कर्त्यावाचून उभेच राहू शकत नाहीत. विश्वासघात म्हटला की घात करणारा आला. घातपात म्हटला की कट आला. आत्मघातात मारणारा आणि मरणारा एकच असतो, पण असतो. घातक आणि घातकी ही तर कर्त्याचीच विशेषणे. या सगळ्या भावंडांत 'अपघात' हा एकटाच असा निघाला की त्याने मारणाऱ्याला घराबाहेर काढले. आज त्याचा अर्थ 'कोणाच्याही हातात नव्हते ते' असा झाला आहे. 'मी अपघातानेच प्राध्यापक झालो' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा योगायोग एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. प्रहाराचा शब्द योगायोगाचा कसा झाला, हा एखाद्या प्रबंधाचा विषय व्हावा. पण त्याचा परिणाम रस्त्यावर दिसतो, ग्रंथालयात नव्हे. जे योगायोगाने घडले त्याची चौकशी कोण करणार?

ही शंका एकट्या मराठी माणसाची नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकाने २००१ साली आपल्या पानांवर 'अॅक्सिडेंट' हा शब्द वापरू नये असे संपादकीय धोरण जाहीर केले. बहुतेक इजा आणि त्यांना कारण ठरणारे प्रसंग आधी ओळखता येतात व टाळता येतात. मग जे टाळता येते त्याला दैवयोग का म्हणायचे, असा त्यामागचा विचार होता. शब्द बदलला म्हणून हाडे मोडायची थांबत नाहीत हे त्या डॉक्टरांनाही ठाऊक असणार. पण रोगाचे नाव चुकले तर उपचारही चुकतो, हे डॉक्टरांहून अधिक कोणाला कळावे?

शब्दाकडून वाक्याकडे येऊ. मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत: सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. कप फुटला म्हणायचे की फोडला म्हणायचे, यावर घरातल्या मुलाचे भवितव्य ठरते आणि मूल हे तीन वर्षांचे होण्याआधीच शिकते. आता कोणत्याही दिवसाचे वर्तमानपत्र उघडून शहराचे पान वाचावे. 'ताबा सुटला', 'दुचाकी घसरली', 'ब्रेक निकामी झाले', 'टायर फुटला', 'मोटार दुभाजकावर आदळली', 'तरुण जागीच मरण पावला'. एका ठरावीक बातमीत पाच-सहा क्रियापदे येतात आणि बहुधा सगळी अकर्मक असतात. सारे काही सुटते, घसरते, फुटते, आदळते. कोणी काही करत नाही.

क्वचित सकर्मक क्रियापद येते. तेव्हा कर्ता कोण असतो? 'भरधाव डंपरने चिरडले.' म्हणजे वाहन. डंपर भर दिवसा त्या रस्त्यावर का होता, कोणाच्या बांधकामाची खडी नेत होता, किती फेऱ्यांचा हिशेब त्याच्या चालकाच्या डोक्यावर होता, हे प्रश्न 'डंपरने' या तृतीयेच्या प्रत्ययात विरून जातात. आणि सगळ्यांत पोकळ कर्ता म्हणजे 'अज्ञात वाहन'. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार' या वाक्यात मारणाऱ्याला नाव नाही आणि मरणाऱ्यालाही नाही. तो पादचारी आहे. पायी चालत होता एवढीच त्याची ओळख उरते. मारणारा तर नकारार्थी विशेषणापुरताच उरतो.

मी बातमीदारांवर दोषारोप करतो आहे असे कृपया समजू नये. रात्री दहा वाजता पोलीस ठाण्यातून मिळालेल्या चार ओळींवरून सहा ओळींची बातमी करणाऱ्याला कर्ता शोधायला वेळ नसतो, आणि कोर्टात सिद्ध होण्याआधी कोणाला दोषी ठरवू नये हे त्याला शिकवलेलेही असते. तो सावधपणा योग्यच आहे. पण सावधपणाची भाषा हळूहळू विचाराची भाषा होते, माझी हरकत तिथे आहे. रोज सकाळी चहाबरोबर अकर्मक क्रियापदे वाचणाऱ्या शहराला रस्त्यावरचे मरण पावसासारखे वाटू लागते. पाऊस पडतो, माणसे मरतात.

किती मरतात? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसांचा मृत्यू झाला. म्हणजे दर तासाला एकोणीस. पुढच्या वर्षी हा आकडा आणखी वाढला. २०२२ मधल्या मृतांत महाराष्ट्राचा वाटा १५,२२४ होता. देशातल्या मृतांत दुचाकीवरचे सुमारे ४४.५ टक्के आणि पायी चालणारे सुमारे १९.५ टक्के होते. दोन्ही मिळून जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणजे भोवती पत्रा नसलेली माणसे. पुणे शहर पोलिसांच्या हद्दीत अलीकडच्या वर्षांत वर्षाकाठी तीनशेहून अधिक माणसे रस्त्यावर मरण पावली आहेत. जवळजवळ दिवसाला एक, हे या शहराचे प्रमाण आहे.

हे शहर मरण विसरणारे आहे असे म्हणता येत नाही. १८९७ च्या प्लेगची आठवण पुण्याने जपली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याला साठ वर्षे उलटून गेली तरी जुने पुणेकर आजही काळाची मोजणी 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशी करतात. पुराचे पाणी कोणत्या भिंतीवर कुठवर चढले होते हे दाखवतात. पण रोज एक या हिशेबाने जे मरण येते त्याला तारीख नसते, भिंतीवरची खूण नसते. पूर एकदा येतो म्हणून त्याची कथा होते. हे रोजचे आहे, म्हणून त्याचा नुसता आकडा होतो.

या आकड्याला एकदाच चेहरा मिळाला. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका महागड्या पोर्शे मोटारीच्या धडकेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचे समोर आले. त्याला काही तासांत जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा अशी एक अट होती. शहर खवळले ते त्या निबंधामुळे. पुढे तो जामिनाचा आदेश बदलला गेला, मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली, जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने फेटाळली. हा सगळा तपशील लोकांना तोंडपाठ आहे.

मी निबंध शिकवणारा माणूस असल्यामुळे त्या अटीने मला वेगळ्या कारणाने अस्वस्थ केले. 'रस्ते अपघात : कारणे व उपाय' हा विषय आम्हीच तर वर्षानुवर्षे देत आलो आहोत. त्याचे ठरावीक उत्तरही आम्हाला पाठ आहे. आजचे युग हे धावपळीचे युग आहे. लोकसंख्या वाढली, वाहने वाढली. तरुणांना वेगाचे वेड लागले. नियम पाळले पाहिजेत. 'अति घाई, संकटात नेई'. दहापैकी सात गुण. या निबंधात कोणालाही काहीही करावे लागत नाही आणि कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही. शिक्षा म्हणून निबंध सांगितला हे लोकांना हास्यास्पद वाटले, ते योग्यच होते. पण निबंध ही इतकी निरुपद्रवी गोष्ट आहे असे लोकांना वाटावे, याची जबाबदारी कोणाची? आपण निबंधाला खरेच काही विचारायला शिकवले असते तर तीनशे शब्द पुष्कळ होते.

कल्याणीनगरच्या प्रकरणात पुण्याच्या वाक्याला सकर्मक क्रियापद मिळाले. 'मारले' असे लोक उघडपणे म्हणू लागले. या बदलाचे मी स्वागतच करतो. पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कर्ता श्रीमंत होता, गाडी परदेशी होती, मद्याचा आरोप होता, व्यवस्था झुकल्याचा संशय होता. खलनायकाला लागते ते सारे इथे तयार होते, म्हणून क्रियापद सकर्मक झाले. जिथे खलनायक सापडत नाही तिथे ते पुन्हा अकर्मक होते. त्याच वर्षी या शहरात आणखी तीनशेच्या वर माणसे गेली. त्यांच्यासाठी मेणबत्त्या लागल्या नाहीत.

सकर्मक क्रियापदाचा दुसरा धोका नवले पुलावर दिसतो. मुंबई-बंगळुरू महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की नवले पुलाकडे लांब उतार लागतो. अवजड वाहन या उतारावर न्यूट्रलमध्ये टाकले की डिझेल वाचते, पण गिअरमधल्या इंजिनाचा जो अटकाव असतो तो नाहीसा होतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. पायथ्याशी शहराची रोजची वाहतूक उभी असते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने इथे डझनावारी गाड्यांना धडक दिली. उपाय झाले: फलक लागले, रस्त्यावर पट्टे आले, वेगमर्यादा आली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात कंटेनरच्या धडकेनंतर आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला.

अशा प्रत्येक वेळी सकर्मक वाक्य तयार असते: 'चालकाने गाडी न्यूट्रल केली.' ते पुष्कळदा खरेही असते. पण त्या वाक्याचा कर्ता हा साखळीतला शेवटचा आणि सर्वांत दुबळा माणूस आहे. डिझेलचे पैसे वाचवले तर खिशात चार रुपये राहतील अशा हिशेबाने त्याला कोणी कामावर ठेवले? आंतरराज्य मालवाहतुकीचा उतार थेट शहराच्या पोटात उतरवण्याचा निर्णय कोणी घेतला? महामार्गाच्या दोन्ही बाजूंना वस्ती वाढू देताना स्थानिक वाहतुकीचे काय, हा विचार कोणाकडे होता? चालकाला कर्ता केले की हे सारे प्रश्न मिटल्यासारखे होतात. नव्या भारतीय न्याय संहितेत, धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी संप केला. जमाव मारून टाकील म्हणून आम्ही पळतो, असे ते सांगत होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ती तरतूद बाजूला ठेवण्यात आली. चालकांचे सगळेच बरोबर होते असे नाही. पण साऱ्या वाक्याचा भार एकाच कर्त्यावर टाकला की तो एक तर चिरडला जातो किंवा निसटतो, एवढे त्यातून दिसले.

नवले पुलासारख्या ठिकाणी जो फलक असतो त्यावरचा शब्दही पाहण्यासारखा आहे: 'अपघातप्रवण क्षेत्र'. 'प्रवण' म्हणजे मुळात उतरता, कललेला. नवले पुलाला हा शब्द अक्षरशः लागू पडतो. पण आज आपण तो स्वभाव सांगण्यासाठी वापरतो. एखादा माणूस जसा जात्याच चिडका, तशी ही जागा जात्याच अपघाताकडे कललेली. हा कल जमिनीला निसर्गाने दिलेला नाही. तो कोणीतरी आखला, मोजला, मंजूर केला. राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट' ठरवण्याचा सरकारी निकष असा आहे की साधारण पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावेत किंवा दहा मृत्यू व्हावेत. म्हणजे जागेला नाव मिळण्याआधी तिने इतकी किंमत वसूल करायची असते.

अकर्मक वाक्य कोणालाच विचारत नाही, सकर्मक वाक्य एकालाच विचारते. मग उरते काय? आपल्या व्याकरणात तिसरी सोय आहे: प्रयोजक क्रियापद. मरणे, मारणे, मारविणे. करणे, करविणे. क्रिया करणारा एक आणि त्याच्याकडून ती करवून घेणारा दुसरा. पाणिनीने कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याला 'हेतू' ही संज्ञा दिली आणि त्यालाही कर्ताच मानले. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या व्याकरणाला जे सुचले ते आपल्या पंचनाम्याला अजून पुरते सुचलेले नाही. आपला पंचनामा कर्त्यापाशी थांबतो, हेतूपर्यंत जात नाही. २०२२ च्या अहवालात एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या कारणाखाली नोंदले आहेत. ते खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. पण वस्तीतून जाणारा रस्ता धावपट्टीसारखा सरळ, रुंद आणि गुळगुळीत केला, ओलांडायला जागा ठेवली नाही, पदपथ अर्ध्यातच संपवला, की त्या रस्त्यावरचा वेग चालकाचा एकट्याचा राहत नाही. तो करविलेला वेग असतो.

जिथे हेतूला विचारले गेले तिथे फरक पडला आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली 'व्हिजन झीरो' हे धोरण स्वीकारले. माणूस चुकणारच, म्हणून चुकीची शिक्षा मरण असू नये असा रस्ता बांधण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची, हे त्याचे सार. हे परदेशातले उदाहरण दूरचे वाटत असेल तर जवळचे घ्या. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मरण पावली होती. त्या वर्षी तिथे मृत्यू शून्यावर आणण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. कठडे नीट केले, कडेचे टणक अडथळे झाकले किंवा काढले, उभ्या ट्रकांकडे लक्ष दिले, गस्त आणि रुग्णवाहिका सुधारल्या. पुढच्या काही वर्षांत वार्षिक मृत्यू शंभराच्या खाली आले. चालक तेच होते, घाट तोच होता, पाऊसही तोच. म्हणजे इतकी वर्षे ज्याला आपण दैव म्हणत होतो त्यातला पुष्कळसा भाग कठड्याचा होता.

कायद्यातही प्रयोजक क्रियापद चोरपावलांनी आले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. त्यानुसार रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एक लाख ही रक्कम रस्त्याच्या ठेक्यापुढे किती, हे वेगळे सांगायला नको. तरीही कायद्याने त्यांना वाक्यात आणले, याला महत्त्व आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश महापालिका आणि इतर यंत्रणांना दिला. 'खड्ड्यात पडून मृत्यू' या आपल्या लाडक्या अकर्मक वाक्याला न्यायालयाने कर्ता जोडला.

यावर एक आक्षेप मला दिसतो. तुम्ही भाषेची माणसे प्रत्येक गोष्ट भाषेपाशी आणता; सिग्नल तोडणारा, उलट दिशेने येणारा, मोबाइल कानाला लावणारा माणूस व्याकरणाने सुधारेल काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्या माणसांत मीही आहे. महाविद्यालयाच्या मागच्या रस्त्याने वळसा वाचतो म्हणून मी कित्येकदा उलट दिशेने आलो आहे आणि मनात 'सगळेच येतात' असे म्हणालो आहे. ते वाक्यही कर्ता लपवण्याचेच होते. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध डोक्यावर पगड्या घालून मोर्चा निघाला, तेव्हा त्यातल्या विनोदाला मीही हसलो होतो. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ सालीच मांडले गेले होते. पगडीला तो गुण नाही. तेव्हा प्रयोजकाचा शोध म्हणजे स्वतःची सुटका नव्हे. व्याकरणात करविणारा आला म्हणून करणारा जात नाही. दोघेही वाक्यात राहतात. माझे म्हणणे एवढेच की वाक्य दोघांनाही पुरेल एवढे लांब असावे.

महापालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध निवांत चालता येते. मी एकदा मुद्दाम गेलो होतो. लोक इतके खुशीत होते की लहान मुलांसारखे एकमेकांना रस्ता दाखवत होते. पायी चालणे ही या शहरात सणाची गोष्ट झाली आहे, हे मला त्या दिवशी उमगले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच रस्ता ओलांडायला मला बराच वेळ उभे राहावे लागले.

त्या वडिलांशी झालेल्या बोलण्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. दोन्ही लहानच आहेत. पहिली, व्यावहारिक मराठीच्या तासाला मी मुलांना अपघाताची एक बातमी देतो आणि निबंध न मागता तीच बातमी पुन्हा लिहायला सांगतो. अट एकच: प्रत्येक क्रियापदाला कर्ता द्यायचा, आणि माहीत नसेल तर तिथे रिकामी जागा सोडून ती माहिती कोणाकडे मिळेल ते समासात लिहायचे. पहिल्या वर्षी एका मुलीच्या उत्तरात नऊ रिकाम्या जागा होत्या. समासात तिने लिहिले होते: खोदाईचा परवाना देणारे कार्यालय, ठेकेदार, दिवाबत्ती विभाग, वाहतूक शाखा, वाहनमालक. तिने विचारले, "सर, यातलं एकही नाव बातमीत नाही. मग मार्क कसे देणार?" मी तिला पूर्ण गुण दिले.

दुसरी गोष्ट शोकसूचनेची. मागच्या वर्षी पुन्हा निरोप आला तेव्हा मी 'अपघाती निधन' हे शब्द लिहिले नाहीत. मी लिहिले: 'अमुक चौकात, बंद असलेल्या सिग्नलपाशी रस्ता ओलांडताना मोटारीने धडक दिल्यामुळे मृत्यू झाला. सिग्नल किती दिवस बंद होता याची माहिती आम्ही मागवली आहे.' प्राचार्यांनी ती वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "शोकसूचनेत असं लिहितात का?" मी म्हणालो, "सर, लिहीत नाहीत." त्यांनी थोडा वेळ कागद हातात धरला आणि सही केली. सूचना लागली. माहितीच्या अर्जाला अजून उत्तर आलेले नाही. पहिले अपील केले आहे.